पलीकडच्या काठावरची मासळी

नांदेडात राहते आणि मासे खात्यात नोकरी करते म्हटलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग उगाच खिडकीबाहेर, समुद्र कुठं दिसतोय का म्हणून. माझ्या सासूबाईंचा तर शेवटपर्यंत समज होता, की मी बाजारात मासेवाल्यांच्या टोपल्या तपासत फिरते. मीही कधी समजावत बसले नाही. आता निवृत्त झालेय, वेळ आहे, तर सांगते.

आमचा समुद्र म्हणजे तलाव. पाझर तलाव, साठवण तलाव, मध्यम प्रकल्प. पाणी शेतीचं आणि पिण्याचं, पण त्यातली मासेमारी गावच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला ठेक्यानं मिळते. पावसाळ्यात तलाव भरला की संस्था त्यात बोटुकली सोडते. बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. रोहू, कटला, मृगळ ही त्यातली मुख्य. तलावात मिळेल ते खाऊन ती वाढतात, आणि दिवाळीनंतर संस्थेची माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायला लागतात. बांधावर काटा लागतो, बर्फाच्या पेट्या भरतात, गाडी नांदेडला जाते नाहीतर धर्माबादवरून पुढं तेलंगणात.

या सगळ्यात आमचं काम काय? बोटुकली निरोगी आहे का बघायचं, ठेक्याची भांडणं सोडवायची, शेततळेवाल्यांना सल्ला द्यायचा. अर्धापूरच्या एका केळीवाल्यानं मला एकदा फोन केला, "मॅडम, मासे आजारी पडलेत, काही खाईनात." जाऊन बघते तर यानं शेततळ्यात केळीचे अख्खे घड सोडलेले. म्हणाला, "घरचंच हाय, म्हटलं खाऊ द्यावं लेकरांना." माशांना तो लेकरंच म्हणायचा. त्याला गवत्या मासा आणून दिला. तो केळीची पानं आवडीनं खातो. त्यानंतर दर वर्षी घरी केळी यायला लागली. मासे मात्र त्यानं कधी विकले नाहीत. जीव होत नव्हता त्याचा.

पण आमचं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे वरच्या ऑफिसला कळवायचं, की कुठल्या तलावातून किती मासे निघाले. ऐकायला सोपं वाटतं. माझी निम्मी नोकरी त्याच एका प्रश्नात गेली, आणि त्याचं खरं उत्तर शोधायला मला एका परदेशी बाईनं भाग पाडलं.

तिचं नाव चांदनी. श्रीलंकेची, तिथल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अभ्यास करणारी. त्यांच्याकडेही आपल्यासारखेच शेतीसाठी बांधलेले तलाव आहेत, काही तर फार जुने. तेव्हा दोन्ही देशांतले सारखे तलाव निवडायचे, काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, कुठं मासे वाढले, कुठं घटले, आणि का, ते मांडायचं असा एक प्रकल्प निघाला. आमच्या भागातले काही तलाव त्यात आले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. माझं इंग्रजी फार चांगलं होतं म्हणून नाही. पाहुण्यांना घेऊन उन्हात फिरायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

मी तिला स्टेशनवरून सरळ घरी आणलं. दारातून आत आल्यावर भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून ती थबकलीच. आई तेव्हा माझ्याकडे होती. तिनं हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटलं. चांदनीनं चप्पल काढून तसबिरीपुढं डोकं टेकवलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "इथं बौद्ध लोक आहेत?"

मी आईला सांगितलं काय विचारतेय ते. आई म्हणाली, "हाव, आहेत की. इचार तिला, तिच्याकडं बाबासाहेब म्हाईत हायेत का?"

चांदनीला नाव माहीत होतं, बाकी फारसं नाही. मग आईनं तिला रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं सांगितलं. अर्धापूरच्या केळीच्या बागांत आईवडिलांनी मजुरी केली, आम्हा भावंडांना शिकवलं, पोरगी सरकारी ऑफिसात बसली. मी इंग्रजीत सांगता सांगता दमले, तशी चांदनी म्हणाली, "राहू दे वंदना, मला कळतंय." कसं कळत होतं कोण जाणे. पण त्या दिवसापासून तिच्या-माझ्यात साहेबी राहिली नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र तिनं आम्हाला पार झोपवलं होतं. तिच्या तलावांतून एकरी निघणारे मासे आमच्या कितीतरी पट. आमचे साहेब ते कागद बघून चिडले. "एवढुसा देश, आणि आपण एवढे मागं? मॅडम, कुठंतरी चुकतंय तुमचं."

चुकत नव्हतं. त्यांच्याकडं तलावात चिलापी मासा आहे, तो स्वतःच पिल्लं घालतो आणि तलाव भरून टाकतो. आमचा रोहू-कटला साठलेल्या पाण्यात पिल्लं घालत नाही, दर वर्षी बाहेरून आणून सोडावा लागतो. शिवाय त्यांचे तलाव सहसा तळ दाखवत नाहीत. आमचे दाखवतात. पहिल्याच दौऱ्यात मी तिला लातूर जिल्ह्यातल्या एका तलावावर घेऊन गेले. पाऊस झाला नव्हता. तलावाच्या मधोमध आम्ही चालत गेलो. चिखल वाळून भेगाळला होता, त्यावर एक तराफा उलटा पडला होता. गावात चौकशी केली तर संस्थेची तरणी माणसं हैदराबादला वॉचमनच्या कामाला गेलेली. तिनं विचारलं, "या वर्षी इथं काय लिहू?"

"शून्य लिही."

तिनं पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. म्हणाली, "एवढी माणसं गेली, आणि लिहायचं नुसतं शून्य?" मला तोवर शून्याची सवय झाली होती.

आता मुख्य गोष्ट. आमच्या निवडलेल्या तलावांपैकी एक नायगावकडचा. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून तिथंच आहेत आणि शेजारी आहेत. तिथल्या संस्थेचे चेअरमन किशनराव. सगळा जन्म पाण्यावर गेलेला माणूस. तलाव भरलेला असला की आवाज चढा, आटला की घराबाहेर पडायचे नाहीत. दोन कोरड्या वर्षांनंतर त्यांचा तलाव सांडव्यावरून वाहिला होता. संस्थेनं होतं नव्हतं ते घालून बोटुकली सोडली होती. आम्ही सकाळी सकाळी बांधावर पोचलो, काटा लागला होता, मासे मोजणं चाललं होतं. मी माझ्या कामात होते. चांदनी मात्र तलावाच्या पलीकडच्या काठाकडं बघत होती.

तिकडं बाभळींच्या खाली चार-दोन बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. दोघी दोघी मिळून जुनं लुगडं पाण्याखालून ओढत होत्या.

"त्या काय पकडतायत?" तिनं विचारलं.

"झिंगे. बारीक मासे. घरी कालवणाला."

"ते कुठं मोजता?"

"ते मोजत नाही. ते उत्पादन नाही."

"मग ते काय आहे?"

मी म्हटलं, अगं, ते खाण्यापुरतं असतं. संस्थेचे मासे वेगळे, काट्यावर येतात ते. तिनं मान हलवली, वाद घातला नाही. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये म्हणाली, "आपण पाण्यातून निघालेले मासे मोजतोय, की काट्यावर आलेले?"

प्रकल्पाच्या कागदावर लिहिलं होतं, तलावातून निघालेले एकूण मासे. एकूण म्हणजे एकूण. तेव्हा घरोघर जाऊन विचारायचं ठरलं. साहेब म्हणाले, "आता काय बायकांच्या कढया तपासणार?" मी म्हटलं, हो सर. आकडा वाढलाच तर आपलाच वाढेल. यावर त्यांनी लगेच सही केली.

तलावाकाठच्या वस्तीत मजुरी करणारी घरं. कुणाला शेत नाही, असलं तर खडकाळ तुकडा. पहिल्या दिवशी कुणीच काही सांगेना. ज्या घरी जावं तिथं, "मासे? न्हाई बाई, आमी खात बी न्हाई." आणि वर छपरावर झिंगे वाळत घातलेले, वास सगळ्या गल्लीत.

शेवटच्या घरी एक म्हातारी दारात बसून लसूण सोलत होती. अनसाबाई. नवरा कधीच वारलेला, मुलगा पुण्याकडं बांधकामावर, घरी ती आणि सून कविता. अनसाबाईनं आम्हाला बसायला पोतं टाकलं, चांदनीला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "ही कोण? कानडी हाय का तेलगी?"

"श्रीलंकेची आहे, मावशी. लांब, समुद्रापलीकडून आलीय."

"आन इतक्या लांबून मपल्या चुलीत काय हाय ते बघाया आली?"

मी चांदनीला सांगितलं. ती हसत सुटली. मग तिनं खुणेनंच लुगडं ओढल्यासारखं केलं आणि बोटं नाचवून झिंगे उड्या मारतात तसं दाखवलं. अनसाबाईला ते एवढं आवडलं, की तिनं कविताला हाक मारली, "आगं, आन ती चटणी. बघू दे तिला."

वाळल्या झिंग्यांची चटणी, लाल मिरची आणि लसूण घालून कुटलेली, ज्वारीच्या भाकरीवर. चांदनीनं डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली आणि दुसरी भाकरी मागितली. त्यानंतर अनसाबाई बोलायला लागली. कधी उतरतो, कुठल्या महिन्यात झिंगा भरतो, सापासारखी वांब कुठं लपते, मोठी मरळ हाताला लागली तर कुणाच्या घरी जाते. उरलं तर शेजारी देतो, लई उरलं तर वाळवतो. पावसाळ्यात मजुरी नसते तेव्हा हेच.

उठताना तिनं माझा हात धरला. "ताई, संस्थेच्या लोकास्नी सांगू नका हां. ते म्हणतेत तळं तेंचं हाय."

मी म्हटलं, "कुणाचंही नाव लिहीत नाही, मावशी." आणि खरंच लिहिलं नाही.

अनसाबाईनं सांगितलं म्हटल्यावर बाकीच्या घरांचीही तोंडं उघडली. मी पुढं वर्षभर कितीतरी वेळा गेले. दर वेळी विचारायचं, काल काय शिजलं, परवा काय शिजलं, कुणी धरलं. हळूहळू चित्र उभं राहिलं. एकेका घराचं मूठभरच, पण सगळी घरं आणि सगळं वर्ष धरलं तर ते काही थोडं नव्हतं. मला स्वतःला नवल वाटलं. आमच्या तलावाचा आकडा चांगलाच वर गेला. साहेबांनी तो तक्ता वर पाठवला आणि नेहमीप्रमाणे एक प्रत संस्थेलाही गेली. नाव कुणाचंच नव्हतं. नुसता एक रकाना होता, घरगुती पकड.

काही दिवसांनी कविताचा फोन आला. मी ऑफिसात होते. तिला रडता रडता बोलता येईना.

"मॅडम, तुमी कागदावर काय लिवलं? चेअरमनसाहेब म्हणून राहिले, एवढा माल बाया चोरून नेतेत. राखणदार बसवला. आज सकाळी सगळ्यांची लुगडी वढून घेतली. आत्याबाई पळाल्या, दगडावर पडल्या. हात मोडला त्यांचा."

मी तशीच निघाले. नायगावच्या दवाखान्यात अनसाबाई बाकावर बसलेली, हाताला पट्टी. राखणदार पोरगा तिथंच, भिंतीला टेकून, तोंड पांढरं पडलेलं. त्यानंच तिला मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. म्हणाला, "मी हात बी लावला न्हाई मॅडम. त्या पळाल्या. पिचिंगच्या दगडावर पाय घसरला."

अनसाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "तुमाला जेवू घातलं म्या."

एवढंच. नोकरीत मी नेत्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, मोर्चे अंगावर घेतले आहेत. त्यातलं काही एवढं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी किशनरावांकडं गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण माणूस ओसरीत डोकं धरून बसला होता.

"मॅडम, म्हातारीचं वाईट वाटतं मला. दवाखान्याचं मी बघतो. पण तुमीच सांगा, दोन वर्षं आमचे पोरं परगावी राबले. आता कुठं तळं भरलं. यंदाबी बोटुकली सोडली ती आमच्या पोटाला चिमटा घेऊन. आन तुमच्याच कागदावर हाय, एवढा माल बाहीर चाललाय. मी सभासदास्नी काय तोंड दाखवू?"

"ते तुमचे मासे नाहीत, किशनराव. ते झिंगे आहेत, रानटी बारीक मासे आहेत. कुणी सोडलेले नाहीत."

"लुगड्याला काय डोळे हायेत? झिंगा तेवढा धरतंय आन बोटुकली सोडतंय?"

मी घरोघर विचारलं होतं, पण लुगड्यात काय काय येतं ते स्वतः उभं राहून बघितलं नव्हतं.

चांदनी पुढच्याच आठवड्यात यायची होती. तिला सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी अनसाबाईच्या हाताचं विचारलं. मग म्हणाली, "आमच्याकडं बारीक जाळ्यांना कायद्यानंच बंदी आहे. त्यामुळं भांडण होत नाही. कुणी कबूलच करत नाही." आणि थोड्या वेळानं, "सगळ्यांसमोर लुगडं ओढू. जे येईल ते येईल."

यात धोका होता. लुगड्यात रोहूची पिल्लं निघाली असती तर बायांचा तलाव कायमचा बंद. मी वस्तीत जाऊन बायांना ते स्पष्ट सांगितलं. तुमची तयारी असेल तरच, नाहीतर नको. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. अनसाबाई गळ्यात हात अडकवून बसली होती. माझ्याशी ती अजून बोलत नव्हती. ती कविताला म्हणाली, "सांग तेस्नी, वढा म्हणावं. आमी काय लपून करतो का?"

ठरलेल्या सकाळी सगळं गाव बांधावर. संस्थेचे लोक एकीकडं, बाया दुसरीकडं, मध्ये आम्ही दोघी आणि एक ताडपत्री. किशनरावांनी जप्त केलेली लुगडी शेडमधून आणून दिली. कविता आणि तिची एक जोडीदारीण पाण्यात उतरल्या. रोजच्याच जागी, बाभळींच्या खाली, लुगडं ओढलं आणि ताडपत्रीवर ओतलं. चांदनी गुडघ्यावर बसली. मी तिच्याशेजारी. एकेक वेगळं करायला लागलो. झिंगे. बारीक खवल्यांचे मासे. एक वांबेचं पिल्लू. पुन्हा झिंगेच झिंगे. संस्थेची माणसं वाकून वाकून बघत होती. रोहूचं एकही पिल्लू नव्हतं.

बायांकडून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "बघा आता."

किशनराव म्हणाले, "तिकडं ओढा. नाल्याच्या तोंडाला."

नाल्याचं तोंड म्हणजे जिथून तलावात पाणी येतं ती उथळ जागा. संस्था बोटुकली तिथंच सोडायची. कविताचं तोंड उतरलं, ते मला दिसलं. पण ती गेली. तिथलं लुगडं ओतलं तर झिंग्यांच्यात चंदेरी पिल्लं तडफडत होती. फार नाहीत, पण होती. किशनरावांनी वाकून एक उचललं, तळव्यावर धरलं. कटला होता.

आता बोलायचं मलाच होतं, आणि मला दोन्ही बाजू दिसत होत्या. मी म्हटलं, बाभळींखाली बायांचं खरं आहे, नाल्यावर किशनरावांचं खरं आहे. मग जागा वाटून घ्या. बोटुकली सोडल्यापासून ती मोठी होईपर्यंत नाल्याकडं कुणी लुगडं घेऊन जायचं नाही. बाकी काठ बायांना मोकळा.

संस्थेतला एक जण ओरडला, "आन ह्या ऐकतेल कशावरून? राखण कोण करनार?"

तेव्हा अनसाबाई पुढं आली. मोडका हात गळ्यात, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. किशनरावांना म्हणाली, "तुमचा राखणदार दुपारी झोपतो. तळं आटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पाण्यात औषध टाकून मासे मारले ते कुणी बघितलं? आमी. कुणी वरडून सांगितलं? आमी. तुमी आमालाच चोर म्हणून राहिले. दिस उगवल्यापासून आमी तितंच हाव की. नाला आमी बघतो. हात लावला कुणी, तर पैली मी सांगते."

त्या उन्हाळ्यात औषध टाकलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, आणि आरोळी कुणी दिली तेही. मग किशनरावांनी हातातलं पिल्लू जाऊन पाण्यात सोडलं. परत येऊन म्हणाले, "म्हातारे, हात बरा होईस्तवर तू काठावर बसूनच राखण कर."

"बसते. पर मपलं लुगडं फाडलं तुमच्या पोरानं. ते द्या आदी."

सगळे हसले. त्या दिवसापुरतं मिटलं. अगदी गोडीगुलाबीनं नंतर चाललं असं मी सांगणार नाही. कुरबुरी होत राहिल्या, एकदोनदा मला जावं लागलं. पण लुगडी पुन्हा जप्त झाली नाहीत.

निघायच्या आधी आम्ही अनसाबाईच्या घरी गेलो. ती माझ्याशी बोलली. "बसा," म्हणाली. तेवढंही मला खूप होतं. चांदनीला मात्र तिनं जवळ बसवून घेतलं आणि मला म्हणाली, "हिला इचारा, हिच्या गावच्या बाया उतरतेत का तळ्यात?"

मी विचारलं. चांदनी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. त्यांच्याकडं होड्या आहेत, होड्यांवर पुरुष असतात, आणि होड्या जिथं लागतात तिथं ती वर्षानुवर्षं उभी राहिली होती. "मला वाटतं, नाही," ती म्हणाली. मग, "मी कधी विचारलंच नाही."

घरी गेल्यावर तिनं विचारलं. काही महिन्यांनी तिचा व्हॉट्सॅपवर फोटो आला, तिच्याकडच्या एका तलावाच्या काठी दोन बाया, हातात टोपल्या, टोपल्यांत बोटभर मासे. खाली लिहिलं होतं, उतरतात, सांग तिला. मी तो फोटो घेऊन मुद्दाम वस्तीत गेले. अनसाबाईनं मोबाईल डोळ्याजवळ धरला आणि म्हणाली, "हिची टोपली बरी हाय. झिंगा निसटत नसंल."

आमच्या साहेबांची मात्र फजिती झाली. निवडलेल्या सगळ्या तलावांवर घरगुती पकड धरल्यामुळं आपण श्रीलंकेच्या जरा जवळ सरकलो म्हणून ते खूश होते. आता तिकडचाही आकडा वाढला आणि फरक पुन्हा होता तेवढाच झाला. "एवढा खटाटोप करून मिळवलं काय मग आपण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, फरक खरा आहे हे तरी कळलं. त्यांना ते पटलं नाही.

शेवटच्या अहवालात दोन्ही देशांची वर्षावर्षाची रेषा काढली होती. आम्ही घरोघर विचारायला लागलो त्या वर्षी आपली रेषा एकदम उडी मारून वर जाते. पुढं श्रीलंकेचीही. खाली बारीक अक्षरांत टीप आहे, पण टिपा वाचतं कोण? परवा एका तरुण अधिकाऱ्यानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, त्या वर्षी काय विशेष योजना राबवली होती?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण मला वाटतं त्याला योजनेचं नाव हवं होतं.

अनसाबाईचा उजवा हात पूर्ववत झाला नाही. मनगट वाकडंच राहिलं. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही. भाकरीसुद्धा कविताच थापते. मी जाते अधूनमधून. ती कधी त्याविषयी बोलत नाही, मीही नाही. पण तिनं चहाचा कप डाव्या हातानं पुढं केला की माझी नजर खाली जाते.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी किशनरावांनी संस्थेच्या सर्वसाधारण सभेला बोलावलं. वस्तीतल्या काही बायांनी सभासद होण्यासाठी अर्ज केला होता. नियम असा, की सभासद स्वतः मासेमारी करणारा हवा. संस्थेतले काही जण म्हणाले, लुगडं ओढणं म्हणजे काय मासेमारी? त्यावर किशनरावांनीच आमचा तो तक्ता काढला, ज्याच्यावरून त्यांनी राखणदार बसवला होता. म्हणाले, "सरकारच्या कागदावर हाय की. एवढे मासे काय आपोआप घरात गेले?" बराच गोंधळ झाला. शेवटी ठराव झाला.

सभा शाळेच्या वर्गात होती. बाया मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सचिवानं नवीन सभासदांची नावं वाचली. कविताचं नाव आलं, व्यवसाय मच्छीमार, या वर्षापासून. कविता उभी राहिली. टाळ्या वाजल्या. तिला काय करावं कळेना, ती तशीच उभी.

तिच्या शेजारी बसलेल्या अनसाबाईनं वाकडा हात वर केला.

"काय म्हणता मावशी?" सचिवानं विचारलं.

"या वर्सापासून न्हवं," ती म्हणाली. "पैल्यापासून लिवा."